नांदेडचा तडीपार लातुरात

गणपती जवळ आले किंवा निवडणूक लागली, की नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : इतके सराईत गुंड तडीपार. टपरीवर ती मोठ्यानं वाचली जाते. कुणीतरी म्हणतं, "बरं झालं, चार महिने तरी गल्ली शांत राहील." मला ही बातमी अर्धवट वाटते. तो माणूस गेला कुठं, हे तिच्यात कधीच नसतं.

माणूस हवेत विरत नाही. नांदेड जिल्ह्यातून बाहेर काढलेला गडी लोह्याला एसटीत बसतो आणि अहमदपूरला उतरतो. तिथं लातूर जिल्हा लागलेला असतो, आदेश पाळला गेलेला असतो. उदगीरहून निघालेला बिदरला जातो. देगलूरचा सीमा ओलांडून तेलंगणात शिरतो, किनवटचा आदिलाबादला. कायदा म्हणतो, शेजारचे जिल्हेही आदेशात घालता येतात. घाला. मग तो आणखी एक जिल्हा पुढं सरकेल. ज्या गावात तो पथारी टाकणार आहे, त्या गावाला मात्र कुणी विचारत नाही. नांदेडची गल्ली शांत करण्याचा खर्च अहमदपूरच्या गल्लीनं का सोसावा?

तडीपारी बंद करा, असं मी म्हणत नाही. एखाद्या वेळी ती लागते. पण वस्तीला छळणाऱ्या माणसावर इलाज म्हणून आपण तिच्यावर जो भरवसा टाकलाय, तो चुकीच्या जागी आहे. माणूस हलवणारा आदेश सोपा असतो. माणसाला त्याच्याच गल्लीत बांधून ठेवणारा आदेश अवघड असतो. तोच हवा आहे, आणि तो आपल्या कायद्यात आहेसुद्धा.

आधी एक गैरसमज दूर करू. लोक म्हणतात, "कोर्टानं तडीपार केलं." कोर्टानं केलेलं नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 मधलं कलम 55 टोळ्यांसाठी, 56 एकट्यादुकट्यासाठी आणि 57 आधी शिक्षा झालेल्यासाठी. नांदेड आणि लातुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं टोळीचा आदेश पोलीस अधीक्षक काढतात आणि कलम 56 चा बहुतेक वेळा उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत. हेच प्रांत सकाळी भूसंपादनाच्या तक्रारी ऐकतात, दुपारी अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचा आढावा घेतात, निवडणूक लागली की निवडणूक निर्णय अधिकारी होतात. मधल्या वेळात त्यांच्यासमोर हद्दपारीचा प्रस्ताव येतो आणि एका माणसाला दोन वर्षांपर्यंत घराबाहेर काढायचं की नाही, हे ते ठरवतात. न्यायाधीश कुठंही नाही. अपील शासनाकडं किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. त्यानंतर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. तिथं पहिल्यांदा काळा कोट घातलेला माणूस भेटतो, आणि तोवर शिक्षा बहुतेक भोगून झालेली असते.

हा प्रस्ताव तयार कसा होतो, ते बघण्यासारखं आहे. ठाण्यातून फाईल निघते. वर गुन्ह्यांचा तक्ता : साल, कलम, सद्यःस्थिती. सद्यःस्थितीच्या रकान्यात ओळीनं 'न्यायप्रविष्ट' लिहिलेलं असतं. म्हणजे खटले उभे आहेत, निकाल लागलेले नाहीत. तक्त्याच्या मागं दोन जबाब जोडलेले. साक्षीदार 'अ', साक्षीदार 'ब'. नावं नाहीत, पत्ते नाहीत, कधी तारीखही धड नाही. दोघंही सांगतात की सदर इसमानं रस्त्यात अडवलं, चाकू दाखवला, खिशातले पैसे काढून घेतले आणि भीतीपोटी आम्ही तक्रार दिली नाही. असं होतच असेल. मला त्यात शंका नाही. पण 'अ' आणि 'ब' सारखंच बोलायला लागले, की वरच्या न्यायालयाला शंका येते आणि आदेश कोसळतो. मग तो माणूस गुलाल उधळत त्याच चौकात परत येतो. आता त्याच्या हातात उच्च न्यायालयाचा निकाल असतो. गल्लीनं काय करायचं?

असा आदेश का टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच मराठवाड्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलंय. जालना जिल्ह्यातल्या एका माणसाला दोन वर्षांसाठी हद्दपार केलं होतं. 28 जानेवारी 2022 रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठानं तो आदेश रद्द केला. कारणं समजून घ्यावीत अशी आहेत. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे. तो माणसाचं संचारस्वातंत्र्य काढून घेतो, त्याला स्वतःच्या घरात, घरच्यांसोबत राहू देत नाही, त्याची रोजीरोटीही जाऊ शकते. म्हणून तो क्वचितच वापरावा. जुन्या, शिळ्या गुन्ह्यांवर आदेश उभा करता येत नाही. आणि सरसकट पूर्ण दोन वर्षं ठोकली असतील, तर एवढीच मुदत का, हे आदेशात दिसलं पाहिजे. हे सगळं एखाद्या तरुण प्रांतानं एका संध्याकाळी वाचून काढावं इतकं सोपं आहे. तरीही फाईली त्याच साच्यातून निघत राहतात.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2021 मध्ये, अमरावतीचं प्रकरण आलं होतं. तिथं तडीपार झालेला माणूस माहिती अधिकार वापरून सरकारी अनुदानाचा हिशेब मागणारा होता. सर्वोच्च न्यायालयानं तोही आदेश रद्द केला. उपद्रवी कोण, हे एका कार्यालयानं बंद दाराआड ठरवायचं म्हटलं, की प्रश्न विचारणारा माणूसही त्या यादीत जाऊन बसतो. हा धोका पुस्तकी नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती माझ्या जास्त जवळची आहे. गल्लीतला त्रास खरा आहे. दिल्लीतल्या निकालांचं कौतुक करताना मला तो विसरायचा नाही.

नांदेडमधल्या एका वसाहतीत निवृत्त शिक्षिका राहतात. गल्लीच्या तोंडाशी पोरांचा अड्डा. आज ह्याचा वाढदिवस, उद्या त्याचा. रस्त्यात टेबल मांडायचं, तलवारीनं केक कापायचा, रात्री बारापर्यंत डीजे, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचे फटाके. बाईंच्या मिस्टरांची बायपास झालेली. एका सकाळी बाई ठाण्यात गेल्या. अर्ज दिला. "नाव, मोबाईल नंबर लिहा मॅडम, आधारची झेरॉक्स लावा." सगळं केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अड्ड्यातला एक पोरगा गाडीवर आला. गेट उघडलं, चपला काढल्या, हात जोडले. "मॅडम, आमचं काही चुकलं का? घरीच सांगायचं ना. ठाण्यापर्यंत कशाला जायलात तुम्ही?" आवाज चढला नाही, धमकी नाही, शिवी तर नाहीच. जाताना सरांच्या तब्येतीची चौकशी करून गेला. बाई त्यानंतर ठाण्यात गेल्या नाहीत. आजही त्या रात्री खिडक्या लावून बसतात.

हा पोरगा तडीपारीच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. त्याच्यावर एकही गुन्हा नाही. तक्रार पुढं गेलीच नाही तर गुन्हा कुठून येणार?

इथं आपली सगळी व्यवस्था उलटी उभी आहे. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव झाकायला हवं होतं, ते तीन दिवसांत अड्ड्यावर पोचलं. ज्याला घराबाहेर काढायचं त्याच्याविरुद्धचा पुरावा उघड्यावर तपासायला हवा होता, तो 'अ' आणि 'ब'च्या पडद्याआड ठेवला. ज्याला संरक्षण हवं तो उघडा, जो पुरावा तपासायला हवा तो झाकलेला. ही गाठ सुटल्याशिवाय किती जणांना एसटीत बसवलं, या आकड्याला काही अर्थ नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं या गाठीचं एक टोक सोडवलंय. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर भोंग्यांच्या आवाजाबद्दल निकाल देताना न्यायालयानं पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, आणि तक्रारदार कोण हे समोरच्याला कळू देऊ नका. निकाल मुंबईचा असला तरी उच्च न्यायालय आपलंही तेच आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातलेली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हेही जुनंच. मग आमच्या ठाण्यांत आधारची झेरॉक्स अजून का मागतात? आवाज डेसिबल मोजणारं यंत्र सांगतं. त्यासाठी बाईंचं आधार कार्ड लागत नाही.

भीती उगाच नाही, हेही नोंदवायला हवं. एप्रिल 2022 मध्ये नांदेड शहरात एका नामांकित बांधकाम व्यावसायिकाला भरदिवसा स्वतःच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस या शहरात खंडणी हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारत होते. अशा मोठ्या टोळ्यांसाठी मोक्का आहे, एमपीडीए आहे. 1981 च्या एमपीडीए कायद्यानं माणसाला वर्षभर स्थानबद्ध करता येतं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी तो आला, पुढं त्यात धोकादायक व्यक्ती आणि वाळू तस्करही घातले गेले. गोदावरी आणि मांजरेच्या काठावर राहणाऱ्यांना ती भर का पडली, हे सांगायची गरज नाही. तिथं वाळूच्या टिप्परपुढं तलाठीसुद्धा एकटा जात नाही. ती लढाई वेगळी, तिला वेगळं बळ लागतं. माझा विषय त्या खालचा आहे : गोळी न घालणारा, पण वस्तीचं जगणं नासवणारा माणूस.

इंग्लंडनं याच माणसासाठी एक आदेश काढून पाहिला. टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं 1998 मध्ये कायदा केला, एप्रिल 1999 पासून तो लागू झाला. शेजाऱ्यांना छळणाऱ्यावर न्यायालयानं दिवाणी स्वरूपाचा मनाई आदेश काढायचा : या रस्त्यावर यायचं नाही, या टोळक्यात दिसायचं नाही, रात्री इतक्यानंतर बाहेर पडायचं नाही. आदेश मोडला की तो फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. सांगोवांगीचा पुरावाही चालायचा, म्हणजे घाबरलेल्या शेजाऱ्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागत नव्हतं. पण 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानं बजावलं की आदेश दिवाणी असला तरी वर्तन सिद्ध करताना फौजदारी खटल्याइतकीच खात्री पटली पाहिजे. आपल्या 'अ' आणि 'ब'ला ही चाळणी लावून बघा.

तरीही तो प्रयोग फसला. 2013 अखेरपर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये 24 हजारांवर आदेश निघाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त किमान एकदा मोडले गेले. हे करू नको, ते करू नको अशी यादी हातात देऊन सोळा वर्षांचा पोरगा सुधारत नाही. काही ठिकाणी तर आदेश हातात असणं हीच पोरांमध्ये मिरवायची गोष्ट झाली.

त्यांनी 2014 मध्ये कायदा बदलला. त्यातल्या दोन गोष्टी मला आपल्याकडं आणाव्याशा वाटतात. एक म्हणजे आदेशात 'करू नको' बरोबर 'हे कर' घालता येतं : व्यसनमुक्तीचे उपचार घे, समुपदेशनाला जा. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. सहा महिन्यांत एकाच त्रासाच्या तीन तक्रारी झाल्या आणि काहीच घडलं नाही, तर रहिवासी फेरआढावा मागू शकतो आणि पोलीस, नगरपालिका, आरोग्य यंत्रणा यांना एकत्र बसून उत्तर द्यावं लागतं. विचार करा, नांदेडच्या त्या बाईंच्या तिसऱ्या अर्जानंतर पोलीस निरीक्षक, महापालिकेचे सहायक आयुक्त आणि तहसीलदार एका टेबलाशी बसलेत आणि काय केलं ते लेखी देतायत. त्या पोराला हात जोडायला यायची हिंमत झाली असती का?

यासाठी नवा कायदा यायची वाट बघू नका. जुन्याच कायद्यातली हत्यारं गंजून पडलीत.

चॅप्टर केस हा शब्द आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. आधीच्या फौजदारी संहितेतलं 107 आणि 110, आता 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 126 आणि 129. शांतता भंगाची शक्यता असेल तर वर्षभरापर्यंत शांतता राखण्याचं, आणि सराईत असेल तर तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं. माणूस आपल्या घरात राहतो, कामावर जातो, आईला दवाखान्यात नेतो. पण त्याच्यासाठी गल्लीतल्याच कुणीतरी जामीन राहिलेलं असतं, आणि बंधपत्र मोडलं तर रक्कम जप्त आणि वर तुरुंगही. मला हवा असलेला आदेश तो हाच. होतं काय, तर सणाच्या आधी पाच-पन्नास जणांना रांगेत उभं करून सह्या घेतल्या जातात. चौकशी सहा महिन्यांत पूर्ण करायची असते, नाहीतर कार्यवाही आपोआप संपते. आणि आमच्याकडं ती बहुतेक वेळा संपतेच. बंधपत्र मोडलं म्हणून कुणाला आत टाकल्याची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली? ज्या आदेशाच्या मागं कुणी जात नाही, तो आदेश पोरं तिसऱ्याच दिवशी ओळखतात.

दुसरं हत्यार म्हणजे सार्वजनिक उपद्रवाचं कलम, जुनं 133, आता 152. वस्तीतला हातभट्टीचा गुत्ता, रात्री धडधडणारी यंत्रं, रस्ता अडवून मांडलेला अड्डा : प्रांतांकडं अर्ज करा, ते सशर्त आदेश काढतात, समोरच्यानं उपद्रव हटवायचा किंवा येऊन म्हणणं मांडायचं. पोलिसांचा अहवालच हवा असं नाही, इतर माहितीवरही आदेश निघतो. या कलमाचा सगळ्यात गाजलेला निकाल रतलामचा. गटारं तुंबलेली, वस्तीला दुर्गंधी, तिथल्या रहिवाशांनी या कलमाखाली थेट नगरपालिकेलाच दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, गटारं बांधा, संडास बांधा.

रतलाम मी मुद्दाम आणलं. कारण उपद्रवाचा मालक नेहमी गल्लीतला पोरगाच असतो असं नाही. लातुरात खाजगी शिकवण्यांच्या भागात बाहेरगावची हजारो पोरंपोरी राहतात. नऊ-साडेनऊला शेवटचा वर्ग सुटतो आणि मुली घोळक्यानं वसतिगृहाकडं निघतात. मधल्या गल्लीतला दिवा बंद असतो, बाजूचा मोकळा प्लॉट दारूच्या बाटल्यांनी भरलेला असतो आणि त्या अंधारात टोळकं उभं असतं. टोळक्यातल्या दोघांना तडीपार करा, उद्या दुसरे दोघं उभे राहतील. तिथं आदेश हवा तो दिव्यासाठी महापालिकेला आणि कुंपणासाठी प्लॉटच्या मालकाला. 152 खाली दोघांनाही नोटीस काढता येते. पण गुंडाविरुद्ध फाईल लिहिणं सोपं पडतं. आपल्याच कार्यालयाशेजारच्या कार्यालयाला नोटीस काढायला दम लागतो.

नुसत्या आदेशानं मूळ प्रश्न सुटत नाही, याचा लातूरकरांना याहून मोठा अनुभव आहे. मार्च 2016. मांजरा धरण कोरडं, शहरात नळाला पाणी नाही, टाक्यांपाशी टँकर भरताना मारामाऱ्या होण्याची भीती. जिल्हाधिकाऱ्यांनी पाणी साठवणीच्या टाक्यांभोवती कलम 144 लावलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. घागर घेऊन उभी असलेली बाई तेव्हा जमावबंदीच्या कलमात मोजली जात होती. त्या वेळी प्रशासनासमोर दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. टँकर लुटला गेला असता तर दोष त्यांनाच लागला असता. पण ती भांडणं आदेशानं थांबली नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, मग पाऊस आला, तेव्हा थांबली. आदेशानं वेळ मिळतो. त्या वेळात पाणी आणायचं असतं.

आणखी एक गोष्ट, आणि ती सांगताना मला हात आखडता घ्यायचा नाही. सराईत हा शिक्का आपल्याकडं सगळ्यांच्या कपाळावर सारखा बसत नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिलं, 1988 मध्ये त्याला साहित्य अकादमी मिळाला. अख्खी जमात जन्मतः चोर धरली गेली तर त्या घरातलं पोर कसं वाढतं, हे या जिल्ह्यातल्या माणसानं देशाला सांगितलं. इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण ठाण्याच्या नोंदवहीतली सवय रद्द झाली नाही. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तडीपारीच्या याद्या वाचताना मी आडनावं बघतो आणि पत्ते बघतो. नगरसेवकाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणारा, वर्गणीच्या नावाखाली बाजारपेठेत पावत्या फाडणारा, फ्लेक्सवर गॉगल लावून हसणारा दादा त्या यादीत क्वचित सापडतो. सापडला तरी त्याचं अपील लवकर निघतं. पालातला माणूस अपील म्हणजे काय हे कळायच्या आत दुसऱ्या जिल्ह्यात वीटभट्टीवर पोचलेला असतो, बायकापोरं मागं.

आणि तडीपार माणूस परत येतो. येणारच. तडीपार आरोपी राहत्या घरातून जेरबंद, ही बातमी आठवड्याआड वाचायला मिळते. हद्दपारी मोडली म्हणून पोलीस अधिनियमाच्या कलम 142 खाली नवा गुन्हा. तो घरी का आला होता, हे त्या बातमीत नसतं. कधी हप्ता गोळा करायला आलेला असतो, कधी पोरगी तापानं फणफणली म्हणून. कायद्यात परवानगी काढून येण्याची सोय आहे, पण तीन दिवसांच्या तापासाठी अर्ज करून परवानगी हातात पडेल, असं कुठलं कार्यालय मला दाखवा.

पोलिसांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाही. एका ठाण्याच्या हद्दीत वस्ती वाढत जाते, माणसं वाढत नाहीत. बंदोबस्त, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा यांतून बीट अंमलदाराला गल्लीत फिरायला वेळ मिळत नाही. पण हद्दपारीची एक फाईल तयार करायला जेवढे मनुष्यतास जातात, तेवढ्यात दहा बंधपत्रांचा पाठपुरावा होतो. प्राधान्य कशाला, हे अधीक्षक ठरवतात. किती तडीपार केले हे वर कळवायचं असतं, म्हणून तडीपारीला प्राधान्य. किती गल्ल्यांतल्या बायांनी तक्रार मागं घेतली, हे कुणी वर कळवायला सांगत नाही.

नांदेड आणि लातूरच्या दोन्ही पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे. येत्या सणाच्या आधी प्रत्येक ठाण्यातल्या एकाच उपद्रवी जागेचं काम हातात घ्या. जागेचं, माणसाचं नव्हे. तिथल्या पोरांची बंधपत्रं घ्या, त्यात नेमकं लिहा : कुठल्या चौकात, किती वाजल्यानंतर, काय करायचं नाही. मोडलं की त्याच आठवड्यात कारवाई करा. महापालिकेला दिव्याची नोटीस द्या. तक्रारदाराचं नाव ठाण्याबाहेर गेलं तर त्याची जबाबदारी ठाणेदारावर टाका. आणि बारावी नापास होऊन चौकात उभ्या असलेल्या पोराला शेजारच्या आयटीआयचा रस्ता दाखवणारा एक माणूस त्या कामात ठेवा. एवढं करूनही जो ऐकणार नाही, त्याची हद्दपारीची फाईल काढा. ती मग खंडपीठातही टिकेल.

वाचकांनाही एक काम आहे. एकट्या बाईला अर्ज घेऊन पाठवू नका. गल्लीतल्या वीस घरांनी मिळून, सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर प्रांतांकडं 152 चा अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका : गेल्या तीन वर्षांत आपल्या उपविभागातून किती जण हद्दपार झाले, त्यातले किती आदेश अपिलात टिकले, किती जण मुदतीआधी परत आलेले सापडले, आणि बंधपत्र मोडलं म्हणून किती जणांवर कारवाई झाली. फी दहा रुपये आहे. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.